रुळांचे वंगण : झीज आणि शिणवटा

वळणावर चाकाची कड बाहेरच्या रुळाच्या आतील बाजूस घासते व रूळ झिजतो. तेथे ग्रीस लावल्यास घर्षण आणि झीज घटते. मात्र चाकांच्या वारंवार पडणाऱ्या भाराने रुळाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म भेगा पडतात. हा धातूचा शिणवटा होय. झीज अल्प असल्यास या भेगा घासून नाहीशा होत नाहीत. शिवाय भेगेत शिरलेले पाणी वा वंगण चाकाखाली दाबले जाऊन ती अधिक खोल जाते. इंग्लंडमध्ये हॅटफिल्ड येथे १७ ऑक्टोबर २००० रोजी शिणवट्याच्या भेगांमुळे वळणावरील रूळ तुटून ४ जण मृत्युमुखी पडले. म्हणूनच वंगणाच्या जोडीला रुळांचे नियमित ग्राइंडिंग व अल्ट्रासॉनिक तपासणी अनिवार्य ठरते.