एका गिऱ्हाइकासाठी एक तबकडी

२३ मार्च २००९ या दिवशी वॉर्नर ब्रदर्सनं आपल्या संकेतस्थळावर दीडशे जुने चित्रपट विक्रीला ठेवले. किंमत प्रत्येकी १९ डॉलर ९५ सेंट. गंमत अशी की, यातली एकही तबकडी गोदामात तयार नव्हती. गिऱ्हाइकानं पैसे भरायचे, मग त्याच्या नावानं एक कोरी डीव्हीडी यंत्रात जायची, तिच्यावर चित्रपट उतरायचा, वेष्टन छापलं जायचं आणि डबी टपालात पडायची. या उपक्रमाचं नाव ‘वॉर्नर आर्काइव्ह कलेक्शन’. त्याचा कर्ताधर्ता होता जॉर्ज फेल्टेनस्टाइन. व्हिडिओ कॅसेट आणि लेझरडिस्कच्या काळापासून जुन्या हॉलीवूडपटांना घराघरांत पोचवणं हेच त्यानं आयुष्यभर केलेलं काम. आज संग्राहक ज्यांना ‘एमओडी’ म्हणतात, त्या मागणीबरहुकूम तबकड्यांची कुळी खऱ्या अर्थानं इथून धरली जाते.

हे २००९ सालीच का घडलं, हे समजायला दुकानातली डीव्हीडी कशी बनते ते पाहायला हवं. आधी काचेच्या तबकडीवर मूळ नोंद होते, तिच्यावरून निकेलचा साचा निघतो आणि त्या साच्यात वितळलेलं पॉलिकार्बोनेट दाबून तबकड्या पाडल्या जातात. साचा एकदा तयार झाला की एकेक तबकडी अगदी स्वस्तात पडते, पण साच्यापर्यंतचा खर्च दहा प्रती काढा की दहा हजार, तेवढाच. शिवाय अमेरिकेत न खपलेला माल दुकानदार परत पाठवू शकतो. म्हणजे हजारोंनी खपेल अशी खात्री नसेल, तर १९३४ सालचा एखादा सत्तर मिनिटांचा गुन्हेपट बाजारात आणणं हा तोट्याचाच सौदा. त्यात दुकानंच उठू लागली होती. टॉवर रेकॉर्ड्सची अमेरिकेतली दुकानं २००६ मध्ये बंद झाली, २००९च्या सुरुवातीला सर्किट सिटी ही दुकानांची साखळीही गेली. उरलेल्या फळ्यांवर नव्या चित्रपटांची गर्दी. वॉर्नरच्या ताब्यात तेव्हा सहा-सात हजार चित्रपट होते आणि त्यातला फार थोडा हिस्सा डीव्हीडीवर आलेला होता.

खाणावळीत आधीच करून ठेवलेली पोळ्यांची चळत आणि पान मांडल्यावर तव्यावर टाकलेली पोळी यांच्या हिशेबात जो फरक, तोच इथे झाला. एक तबकडी लिहायला पाडीव तबकडीपेक्षा खर्च जास्त येतो, म्हणून किंमत चढी. पण उरणार काहीच नाही. त्यामुळे ‘किती खपेल?’ हा प्रश्न बाजूला पडला आणि ‘कुणा एकाला तरी हवाय का?’ एवढाच शिल्लक राहिला. माझ्या मते घरगुती चित्रपटाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा पालट आहे. त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही, कारण जगाच्या दृष्टीनं तो फार थोड्या माणसांसाठी होता.

कल्पना मात्र सिनेमावाल्यांची नव्हे. मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावात यूजीन पॉवर यानं १९३८ साली युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स ही कंपनी काढली. बाजारात न मिळणारी पुस्तकं आणि प्रबंध सूक्ष्मपटावर जपायचे आणि कुणी मागितला तर त्याची एक प्रत काढून द्यायची, हा तिचा धंदा. पन्नासच्या दशकात झेरॉक्सचं तंत्र हाताशी आल्यावर तीच प्रत कागदावर निघू लागली. दुसरा पूर्वज मला अधिक जवळचा वाटतो. मोझेस ॲश या माणसानं फोकवेज या आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीत दोन हजारांहून अधिक तबकड्या काढल्या. लोकगीतं, बेडकांचे आवाज, संपकऱ्यांची गाणी, काय वाट्टेल ते. त्याच्या पश्चात १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेनं हा संग्रह घेतला तो या अटीवर, की एकही मुद्रिका कधी बाजारातून उठवायची नाही. वर्षाला एखादंच गिऱ्हाईक येणाऱ्या मुद्रिकेचा साठा करणार कसा? मग त्यांनी मागणी आली की कॅसेट भरून द्यायला सुरुवात केली आणि पुढे कोऱ्या सीडीवर. वॉर्नरनं २००९ मध्ये जे केलं त्याचा साचा इथे तयार झालेला दिसतो. मधली कडी कस्टमफ्लिक्सची. २००२ मध्ये निघालेली ही छोटी कंपनी स्वतंत्र चित्रपटकारांच्या डीव्हीडी एकेक करून बनवून द्यायची. २००५ मध्ये ती ॲमेझॉननं विकत घेतली.

घेणाऱ्यांची कुळी याहून जुनी आहे. अमेरिकेत चित्रपट घरी बाळगण्याची हौस मूकपटांच्या काळापासूनची. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावातून ब्लॅकहॉक फिल्म्स ही कंपनी ८ आणि १६ मिलिमीटरच्या प्रती टपालानं विकायची. लॉरेल-हार्डीच्या छोट्या रिळांवर कित्येकांची बालपणं गेली. स्टुडिओंच्या पूर्ण लांबीच्या बोलपटांचं प्रकरण मात्र वेगळं होतं. त्यांच्या प्रती भाड्यानं दिल्या जात, विकल्या जात नसत, त्यामुळे त्या बाळगणारा चोर ठरायचा. डिसेंबर १९७४ मध्ये अभिनेता रॉडी मॅकडॉवल याच्या घरी एफबीआयनं छापा घालून त्याचा सारा संग्रह उचलून नेला. ज्यानं स्वतः हॉलीवूडमध्ये बालनट म्हणून नाव कमावलं, त्याच्यावर ही पाळी! तीनच वर्षांनी, १९७७ मध्ये, मिशिगनच्याच आंद्रे ब्ले यानं ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क घेतले आणि कॅसेटवर राजरोस विकायला काढले. काल जो गुन्हा होता तो आज व्यापार झाला.

संग्राहकाला आणखी एक वंशावळ पाठ असावी लागते, मालकीची. पडद्यावर सुरुवातीला जो शिक्का दिसतो तो चित्रपट आज त्याच कंपनीचा असतो असं नाही. वॉर्नरनं आपले १९५० आधीचे चित्रपट १९५६ मध्ये २ कोटी १० लाख डॉलरला विकून टाकले. टेलिव्हिजनवर दाखवण्यापलीकडे त्यांना आता काय किंमत, असा तेव्हाचा समज. तो साठा पुढे युनायटेड आर्टिस्ट्सकडे आणि तिथून एमजीएमकडे गेला. १९८६ मध्ये टेड टर्नरनं एमजीएम घेतली, काही महिन्यांतच कर्जापायी स्टुडिओ परत विकला, पण चित्रपट सोडले नाहीत. एमजीएमचे स्वतःचे, वॉर्नरचे जुने आणि आरकेओ या स्टुडिओचे मिळून साडेतीन हजारांच्या वर. लोक त्याला हसले. त्याच साठ्यावर १९९४ मध्ये टर्नर क्लासिक मूव्हीज ही वाहिनी उभी राहिली. १९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि चाळीस वर्षांनी वॉर्नरचे चित्रपट घरी परतले, येताना एमजीएम आणि आरकेओला बरोबर घेऊन. मुंबईत धोबीतलावाचं मेट्रो चित्रपटगृह एमजीएमनं स्वतः १९३८ मध्ये बांधलं. तिथे आपल्या आजोबांच्या पिढीनं पाहिलेल्या चित्रपटांचा शोध घेणाऱ्यालाही म्हणून वॉर्नरचंच दार ठोठवावं लागतं. पॅरामाउंटचे १९५० आधीचे बहुतेक बोलपट अशाच एका १९५८च्या सौद्यातून आज युनिव्हर्सलकडे आहेत.

आता ती तबकडी हातात घेऊन बघू. डबी नेहमीच्याच आकाराची. सुरुवातीच्या काळात सगळ्या वेष्टनांची मांडणी एकसारखी, निळसर. तबकडी उलटी केली की फरक कळतो. पाडीव डीव्हीडीची पाठ चंदेरी असते, हिची जांभळट. साच्यातल्या तबकडीत माहिती म्हणजे खरोखरचे सूक्ष्म खळगे. हिच्यात मात्र सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझर तो जागोजागी जाळून खुणा करतो. वाचणाऱ्या यंत्राला दोन्ही जवळपास सारखंच दिसतं. जवळपास म्हणायचं कारण डबीवरच छापलेलं असतं, की ही तबकडी केवळ दाखवणाऱ्या यंत्रांवर चालेल, संगणकावर किंवा रेकॉर्डरवर कदाचित चालणार नाही. आत मुलाखती नाहीत, जाणकारांचं भाष्य नाही, बहुधा उपशीर्षकंही नाहीत. फार तर मूळ जाहिरातपट. प्रकरणांच्या खुणा दर दहा मिनिटांनी सरसकट मारलेल्या, मग दृश्य ऐन रंगात असलं तरी. आणि सुरुवातीला एक पाटी : उपलब्ध असलेल्या उत्तम व्हिडिओ प्रतीवरून ही तबकडी केली आहे, तिच्यासाठी मुद्दाम डागडुजी केलेली नाही. ही पाटी मला आवडते. गिऱ्हाइकाला काय मिळणार आणि काय नाही, ते तिनं सरळ सांगितलं.

या साध्या डब्यांतून काय काय बाहेर आलं! केरी ग्रँटचा ‘मिस्टर लकी’, कोपोलाचा ‘द गॉडफादर’च्या आधीचा ‘द रेन पीपल’, आणि १९३४ मध्ये सेन्सॉरचे नियम कडक व्हायच्या आधीचे कितीतरी धीट चित्रपट. ‘फॉरबिडन हॉलीवूड’ या संचमालिकेचे पहिले तीन भाग दुकानांसाठी निघाले होते. दुकानांनी पाठ फिरवल्यावर चौथ्यापासूनचे भाग मागणीबरहुकूम तबकड्यांवर आले आणि मालिका दहापर्यंत गेली. १९४३चा ‘द कॉन्स्टंट निम्फ’ तर अनेक दशकं गडप होता. मूळ कादंबरीच्या लेखिका मार्गारेट केनेडी यांच्याशी झालेल्या हक्कांच्या गुंत्यामुळे तो सर्वसामान्यांना दाखवता येत नव्हता. जोन फॉन्टेनला त्यातल्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं आणि तरी दोन पिढ्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. वारसांशी बोलणी पुरी झाली आणि २०११ मध्ये तो तबकडीवर आला.

सगळेच गुंते असे सुटत नाहीत. जोन क्रॉफर्डच्या ‘लेटी लिंटन’वर एका नाटकाच्या लेखकांनी चोरीचा दावा लावला, १९३६ मध्ये न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला आणि चित्रपट पुढची कित्येक दशकं कुलपात राहिला. त्यातल्या झालरींच्या बाह्यांच्या पांढऱ्या पोशाखाची नक्कल अमेरिकाभर खपली, पण चित्रपट बघायचा तर चोरून काढलेल्या अंधूक प्रती. तबकडी बनवणं स्वस्त झालं म्हणून हक्क स्वस्त होत नाहीत.

वॉर्नरचं पाहून बाकीचेही उतरले. युनिव्हर्सलनं ‘व्हॉल्ट सिरीज’ काढली, सोनीनं कोलंबियाचे जुने चित्रपट आणले, एमजीएमनं ‘लिमिटेड एडिशन कलेक्शन’ आणि २०१२ मध्ये फॉक्सनं ‘सिनेमा आर्काइव्ह्ज’. यातलं फॉक्सचं काम पाहून मात्र वाईट वाटतं. १९५३ मध्ये ‘द रोब’ आणून रुंद पडद्याचा सिनेमास्कोप जगाला देणारी हीच कंपनी, आणि तिनंच आपले काही सिनेमास्कोप चित्रपट दोन्ही बाजूंनी कापून, जुन्या टीव्हीच्या चौकटीत बसवून विकले. रुंदीतला जवळजवळ निम्मा भाग गेला. ज्या माणसानं तो चित्रपट वर्षानुवर्षं शोधला, त्याच्या हातात अर्धं चित्र ठेवणं हा मागणीचा मान नव्हे. २०१९ मध्ये डिस्नेनं फॉक्स घेतल्यावर त्या तबकड्याही दुर्मीळ झाल्या. आता त्यातल्या कितीएक वापरलेल्या मालातच शोधाव्या लागतात.

टिकाऊपणाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला गेला. रंगाचा थर ऊन आणि उष्णतेनं फिका पडतो, तेव्हा जळीव तबकडी पाडीव तबकडीइतकी टिकणार नाही, असं सगळे धरून चालले होते आणि तत्त्वतः ते बरोबरच आहे. पण २००६ ते २००८च्या दरम्यान कारखान्यात पाडलेल्या वॉर्नरच्याच काही डीव्हीडी आतून खराब होऊन बंद पडू लागल्या. २०२५ मध्ये कंपनीनं ते मान्य केलं. त्यामुळे जाणते संग्राहक कुठल्याही जातीच्या तबकडीवर विसंबत नाहीत. आली की ती पूर्ण चालवून बघतात, मगच फळीवर ठेवतात, आणि अधूनमधून पुन्हा लावतात.

२०१२च्या नोव्हेंबरात ‘जिप्सी’ आणि ‘डेथट्रॅप’ घेऊन वॉर्नर आर्काइव्ह ब्लू-रेमध्ये उतरलं. या तबकड्या जळीव नव्हेत, साच्यातल्या. विकायची रीत जुनीच, थोड्या पण ठरलेल्या गिऱ्हाइकांसाठी. डागडुजी न केल्याची पाटी लावून सुरुवात करणाऱ्या उपक्रमातून आता मूळ निगेटिव्हवरून नव्यानं केलेल्या प्रती निघू लागल्या. पदरचे वीस डॉलर घालून अनोळखी चित्रपट मागवणाऱ्या त्या पहिल्या गिऱ्हाइकांनीच हे शक्य केलं, असं माझं मत आहे. ‘मिस्टरी ऑफ द वॅक्स म्युझियम’ हा मायकेल कर्टिझचा १९३३चा दोन रंगांतला टेक्निकलर भयपट बराच काळ हरवलेला समजत होते. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याची एक रंगीत प्रत सापडली ती जॅक वॉर्नरच्या स्वतःच्या संग्रहात. लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयानं ती नीट केली आणि २०२० मध्ये तिची ब्लू-रे निघाली. तिच्यात अभिनेत्री फे रेच्या गालांवरचा गुलाबी रंग आणि मेणाच्या पुतळ्यांवरची हिरवट छटा यांतला फरक पुन्हा दिसतो. पुढच्याच वर्षी कर्टिझचाच ‘डॉक्टर एक्स’ त्याच तऱ्हेनं आला.