प्याल्यातली मराठी

वाघोलीला वाघेश्वराच्या देवळाजवळ पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. ती पाहून गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे मराठीचे अध्यापक तिथल्याच एका मित्राच्या घरी गेलो. त्याने पुण्यातच तयार झालेली ‘एल’ जातीची कडक बिअर समोर ठेवली. रंग काकवीचा, वर बदामी फेस, मद्यार्क आठ टक्क्यांच्या घरात. तिघांनी चव घेतली, चौथ्याने घेतली नाही. ‘कशी आहे?’ या मित्राच्या प्रश्नावर, वर्गात तासन्‌तास रसचर्चा करणारे आम्ही तिघे ‘चांगली आहे’, ‘कडक आहे’ यापलीकडे गेलो नाही. या मुकेपणालाही एक इतिहास आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाने तपासावा असा आहे.

वास्तविक हे पेय मराठी घराला फारसे परके नाही. जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, ते वाळवून भट्टीत भाजायचे. यालाच माल्ट म्हणतात. ज्या घरात नाचणीसत्त्व होते त्या घराला ही कृती समजावून सांगावी लागत नाही. भाजणे जितके अधिक, तितका रंग गडद. पुढे हे जव भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यांतल्या पिठूळ भागाची साखर होते. ते पाणी हॉप्सची फुले घालून उकळतात, निववतात आणि त्यात यीस्ट सोडतात. लागर बिअर थंडाव्यात आंबते, एल उबेत. म्हणून एलमध्ये फळांचा गंध उतरतो. पाण्याच्या मानाने माल्ट वाढवला की पेय दाट आणि कडक होते. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ने लहान प्रमाणावर बिअर गाळण्यास आरंभ केला, त्यानंतर असे प्रकार शहराच्या ओळखीचे झाले.

दुसऱ्या घोटाला आम्ही हट्टाने मराठीत बोलू लागलो. आधी भाकरीच्या कडेचा खरपूसपणा, मग काकवी, मागोमाग खजूर. कडवटपणा कारल्याचा नव्हे, मेथीचा. शेवटी सुंठेच्या काढ्यासारखी घशात उरणारी ऊब. शब्द होते, पण ते सगळे स्वयंपाकघरातून आणावे लागले. मद्याच्या नावाने जमा झालेला स्वतंत्र शब्दसंग्रह आमच्या प्रमाण मराठीत आम्हाला सापडेना.

प्राचीन भारतीय भाषाव्यवहार असा दरिद्री नव्हता. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधू असे प्रकार त्यांच्या घटकांसह वेगळे सांगितले आहेत. त्यांपैकी आसव आणि अरिष्ट आपल्याकडे आजही आहेत, पण वैद्याच्या कपाटात. द्राक्षासव निःशंकपणे घेणाऱ्या घराला ते आंबवलेले पेय आहे हे आठवत नाही. उलट, फारसीत औषध असा अर्थ असलेला ‘दारू’ हा शब्द मराठीत बंदुकीच्या आणि बाटलीच्या वाट्याला आला. ताडी, मोहाची, बिअर, ब्रँडी या सगळ्यांवर हे एकच नाव पसरले आणि नावाबरोबर निवाडाही आला.

हा निवाडा मात्र केवळ सोवळेपणातून आला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य हे सरकारी महसुलाचे साधन म्हणून अधिक घट्ट बांधले गेले. १८८० मध्ये जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली. त्यांच्यापुढे प्रश्न चवीचा नव्हता, उद्ध्वस्त होणाऱ्या संसारांचा होता. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले आणि तळीराम हे विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही रद्द झालेला नाही. मद्यप्राशनाला कागदोपत्री परवाना लागतो. सत्तर वर्षांच्या या वाटचालीत महसूल, सुधारणा, नाटक आणि कायदा या चौघांनी मिळून शब्द घडवला. चवीला त्यात जागा मिळाली नाही.

ती मिळायला हवी होती का? असा प्रश्न आम्ही त्या संध्याकाळी जरा उत्साहानेच काढला. तेव्हा न पिणारा चौथा सहकारी प्रथमच बोलला. त्याचे वडील याच वाघोलीच्या दगडखाणींत कामाला होते. आठवड्याचा पगार झाला की आई रस्त्यापर्यंत जाऊन उभी राहायची. पैसे घरी येण्याआधी हातात पडावेत म्हणून. ‘आमच्या घरात दारूला चव नव्हती,’ तो म्हणाला, ‘नुसता वास होता.’

आम्ही प्याले खाली ठेवले असे नाही. तसे लिहिणे खोटे ठरेल. पण खरपूस, काकवी, खजूर ही आमची नवी यादी एकाएकी अपुरी वाटू लागली. एका शब्दाने कितीतरी चवी बुडवल्या हे खरे. त्याच शब्दाने रस्त्यावर उभ्या राहिलेल्या त्या बाईची बाजू घेतली, हेही तितकेच खरे. ‘एकच प्याला’ शिकवताना आम्ही आजवर सिंधूचे पातिव्रत्य आणि गडकऱ्यांची भाषा यांवर तास घेतले. पुढच्या वर्षी या नाटकाचा पहिला तास चौथ्या सहकाऱ्याने घ्यावा, असे आम्ही त्याला सांगितले आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही.