कन्फर्मेशन डायलॉग म्हणजे काय, आणि तो स्वतःचा का बनवायचा?

फोनमधला फोटो डिलीट करताना "खरंच डिलीट करायचा का?" असं विचारणारी छोटी चौकट येते ना, तोच कन्फर्मेशन डायलॉग. मोबाईलवर आपण ती न वाचताच दाबून मोकळे होतो. कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र याच चौकटीवर कुणाचा तरी हिशेब टिकून असतो.

आमच्या आटपाडीचंच उदाहरण घ्या. डाळिंबाचा सौदा झाला की अडतीच्या दुकानात शेतकऱ्याची पट्टी बनते: किती क्रेट, काय दर, हमाली-तोलाई किती, आधीची उचल किती वजा. पट्टी करणारा पोरगा माऊसला हात लावत नाही. आकडा टाकला की एंटर, पुढचा आकडा, परत एंटर. अशात चुकून डिलीट दाबलं गेलं आणि चौकट आली, तर पुढचा एंटर सरळ 'येस'वर बसतो. पट्टी गायब, आणि शेतकरी समोर पैशासाठी उभा.

माझ्या मते यात पोराची चूक कमी आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची जास्त. विंडोजच्या तयार मेसेजबॉक्समध्ये पहिलं बटन आपोआप निवडलेलं असतं. ते बदलून दुसरं करता येतं, पण घाईत तेवढंच राहून जातं.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. मेसेजबॉक्समधला प्रश्न मराठीत लिहिता येतो, पण बटनांची भाषा विंडोज ठरवतं. आता "पट्टी रद्द करायची का?" असं विचारलं आणि खाली 'ओके' नि 'कॅन्सल' आलं, तर? कॅन्सल म्हणजेच रद्द! मग नक्की कुठलं दाबायचं? इथे माणूस गोंधळणारच.

म्हणून स्वतःचा डायलॉग. सी शार्पच्या विंडोज फॉर्म्समध्ये हे काम अर्ध्या तासाचं आहे. एक छोटा नवा फॉर्म घ्या, त्याची साईज बदलता येणार नाही अशी बॉर्डर द्या, एक लेबल आणि दोन बटनं ठेवा. बटनांवर हो-नाही नको, काम लिहा: 'पट्टी काढून टाका' आणि 'राहू द्या'. प्रत्येक बटनाला डायलॉगरिझल्टची किंमत दिली की ते दाबल्यावर फॉर्म आपोआप बंद होतो आणि काय दाबलं ते मूळ कोडला कळतं. फॉर्म शोडायलॉगने उघडा आणि त्याला मालक म्हणून मुख्य विंडो द्या, नाहीतर चौकट मागे लपते आणि लोकांना वाटतं कॉम्प्युटर हँग झाला.

एंटरचं जरा नीट बघा. ॲक्सेप्टबटन आणि कॅन्सलबटन या दोन्ही प्रॉपर्टींना 'राहू द्या' लावा, म्हणजे एंटर आणि एस्केप दोन्ही सुरक्षित. पण तेवढ्याने भागत नाही: फोकस दुसऱ्या बटनावर असेल तर एंटर त्यालाच दाबतो. म्हणून 'राहू द्या'चा टॅबइंडेक्स शून्य ठेवा. कोपऱ्यातल्या फुलीने फॉर्म बंद केला तर उत्तर कॅन्सल येतं, ते आपल्या सोयीचंच.

लेबलवर नुसतं "खात्री आहे का?" लिहू नका. पट्टी नंबर, शेतकऱ्याचं नाव, रक्कम दाखवा. चुकीचं नाव दिसलं की हात थांबतो. अख्ख्या हंगामाचा डेटा पुसायचा असेल तर काहीतरी टाईप करायला लावा. गिटहब रिपॉझिटरी डिलीट करताना तिचं नाव लिहून घेतं, तसं.

नवा प्रोजेक्ट असेल तर २०२० मध्ये आलेल्या डॉट नेट ५ पासून विंडोज फॉर्म्समध्ये टास्कडायलॉग तयार मिळतो. त्यात बटनांवर आपला मजकूर देता येतो.

आणि हो, प्रत्येक गोष्टीला चौकट नको. रोज पन्नासदा विचारलं की एक्कावन्नाव्यांदा कुणी वाचत नाही. साध्या पट्टीसाठी मी तर डेटाबेसमध्ये 'रद्द' अशी खूण करतो, ओळ पुसतच नाही. मग ती परत आणायला एक बटन पुरतं.