सत्तावनच्या बंडात तुमचे लोक कुठे होते?

दर वर्षी १० मे आला की आम्हाला हा प्रश्न विचारला जातो. कधी टपरीवर, कधी व्याख्यानानंतर, आता तर बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवर. "देश पेटला होता तेव्हा तुमचे लोक इंग्रजांच्या पलटणीत होते ना?" विचारणाऱ्याला उत्तर नको असते, आपली मान खाली गेलेली पाहायची असते. म्हणून याचे उत्तर आम्ही कागदपत्रांनिशी देणार आहोत.

आधी बंड कोणी केले ते पाहू. मेरठला १० मे १८५७ रोजी जी पलटण उठली ती बंगाल फौजेची. या फौजेत कंपनीने ठरवून अवध-बिहारकडचे ब्राह्मण आणि राजपूत भरले होते. मुसलमान घोडेस्वारही त्यात होते. काडतुसाच्या चरबीने धर्म बुडेल, समुद्र ओलांडला तर जात जाईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. अवध खालसा झाल्याचा रागही खरा होता. गावाकडे त्यांच्याच घरांवर शेतसाऱ्याचा बोजा पडत होता. परकीय कंपनीविरुद्ध ते उठले, याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या राज्यासाठी ते लढत होते, त्या राज्यात आमची जागा कोणती होती?

याचे उत्तर बंडवाल्यांनीच लिहून ठेवले आहे. १८५८ मध्ये अवधच्या बिरजिस कद्रच्या नावाने एक जाहीरनामा निघाला. त्यात इंग्रजांवर अनेक आरोप आहेत. त्यातला एक वाचून आम्ही थांबलो. आमच्या राज्यात सय्यद, शेख, ब्राह्मण, क्षत्रिय यांना आपापल्या दर्जाप्रमाणे मान मिळतो, आणि मेहतर, चांभार, धानुक, पासी त्यांच्या बरोबरीचा दावा करू शकत नाहीत, असे तो सांगतो. इंग्रजांचा गुन्हा काय? ते उच्च आणि नीच यांची अब्रू एकच मानतात. एखाद्या चांभाराच्या फिर्यादीवरून नवाबाला किंवा राजाला कचेरीत हजर व्हायला लावतात!

आता याच लखनौचे दुसरे चित्र पाहा. १६ नोव्हेंबर १८५७. सिकंदरबागेत तुंबळ लढाई झाली. झाडावर बसून इंग्रजी सैनिकांना टिपणाऱ्या एका स्त्रीची हकिकत खुद्द इंग्रजी फौजेतल्या सैनिकाने आपल्या आठवणींत सांगितली आहे. पासी समाजाची परंपरा त्या स्त्रीला ऊदादेवी म्हणून ओळखते. आज सिकंदरबागेसमोर तिचा पुतळा उभा आहे. ज्या लखनौसाठी पासी बाई मेली, त्याच लखनौच्या गादीच्या नावाने पुढच्या वर्षी जाहीर झाले की पासी बरोबरीचा नाही. झाशीच्या झलकारीबाई कोरीची आठवणही तिच्या समाजाने अशीच तोंडोतोंडी जपली. २००१ साली तिचे टपाल तिकीट निघाले, पण आमच्या शाळेच्या पुस्तकात ती आम्हाला भेटली नाही.

म्हणजे आमचे लोक बंडात होते. आणि हो, आमचे लोक पलटणीतही होते. मुंबई फौजेत महार आणि मद्रास फौजेत परिया मोठ्या संख्येने होते. कोल्हापूरची २७वी पलटण ३१ जुलैला उठली खरी, पण या दोन्ही फौजा एकूण कंपनीच्या बाजूने राहिल्या. बंड मोडले ते याच फौजांच्या मदतीने, ही गोष्ट बाबासाहेबांनी लपवली नाही, उलट स्पष्ट लिहून ठेवली. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याला पलटणीत बंदूक, पगार आणि हुद्दा मिळत होता. त्याने पेशवाईच्या आठवणीने रडावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

पण मित्रांनो, इथेच आपल्यातले काही जण चुकतात. "इंग्रज आले म्हणून आपण सुटलो" असे म्हणून ते मोकळे होतात. जरा पुढचे पाहा. बंडाच्या आदल्या वर्षी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. एका मुलासाठी सगळ्या सवर्णांना दुखवायला मुंबई सरकार तयार झाले नाही. बंडानंतर १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा आला : आम्ही तुमच्या धर्मात हात घालणार नाही, तुमच्या जुन्या चालीरीतींचा मान राखू. विहिरीवर पाण्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला या वाक्याचा एकच अर्थ होता. जसे चालले आहे तसेच चालेल.

आणि पलटणीचे काय झाले? ज्यांनी बंड केले त्यांच्या भीतीने इंग्रजांनी फौज नव्याने बांधली, 'लढवय्या जाती' शोधल्या, आणि १८९२ मध्ये महारांची भरती बंद केली. ज्यांनी राज्य राखले त्यांनाच दार बंद! निवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. सुभेदार रामजींच्या घरी महूला भीमराव जन्मला, त्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

तोच भीमराव १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत उभा राहिला आणि त्याने इंग्रजांच्या तोंडावर हिशेब मांडला. तुमच्या आधी आम्हाला विहीर बंद होती, आजही बंद आहे. देऊळ बंद होते, आजही बंद आहे. लष्कराचे दार बंद होते, आजही बंद आहे. म्हणून सत्ता आमच्याही हातात आली पाहिजे.

हे आमचे उत्तर. सत्तावनला एका बाजूने जात राखण्याचे वचन दिले, दुसऱ्या बाजूने जातीला हात न लावण्याचे. आमची माणसे दोन्हीकडे लढली, दोन्हीकडे मेली, आणि दोघांच्याही तहात आमचे नाव नव्हते. ते नाव पहिल्यांदा संविधानात आले, कलम १७ मध्ये, आणि ते लिहिणारा हात आमचा होता.

तेव्हा पुढच्या १० मेला कोणी विचारले की तुमचे लोक कुठे होते, तर चिडू नका. त्याला ऊदादेवीचे नाव सांगा, मग लखनौचा जाहीरनामा वाचून दाखवा, आणि विचारा : ते राज्य आले असते, तर तुम्ही आम्हाला कुठे ठेवले असते?

जय भीम.