प्रकाशाची साखळी

विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ हिंदुस्थानच्या भूमापनाची आधाररेषा मोजली, तेव्हा त्यांचे साधन होते शंभर फुटांची पोलादी साखळी. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळीजवळ उष्णतामापके ठेवावी लागत; सुमारे साडेसात मैलांची ती रेषा पुरी होण्यास कित्येक आठवडे लागले. तेवढे अंतर जाऊन परतण्यास प्रकाशाला सेकंदाचा सुमारे बारा हजारावा भाग पुरतो. पण या साखळीने अंतर मोजायचे, तर आधी प्रकाशाचा वेग ठाऊक हवा.

तो जाणण्याची एक युक्ती गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात वर्णिली आहे. दोन माणसांनी दूर उभे राहावे. एकाने कंदिलावरील झाकण काढताच दुसऱ्याने आपले काढावे. पण माणसाचा हात प्रकाशापुढे फारच मंद! प्रश्न अनिर्णित राहिला.

१८४९ साली फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाताच्या जागी चाक योजले. पॅरिसजवळच्या स्युरेन येथून निघालेला किरण ७२० दात्यांच्या फिरत्या चाकाच्या फटीतून ८,६३३ मीटरवरील माँमार्त्रच्या आरशाकडे जाई आणि परते. चाक सेकंदाला सुमारे १२.६ फेरे घेऊ लागले, तेव्हा परतणाऱ्या किरणाच्या वाटेत नेमका दाता आडवा आला. यावरून निघालेला वेग खऱ्याहून सुमारे पाच टक्क्यांनी अधिक होता. तथापि पृथ्वीवरच्या अंतरात प्रकाशाला लागणारा वेळ प्रथमच मोजला गेला.

येथवर अंतर ज्ञात होते व वेग अज्ञात. विसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनच्या एरिक बर्गस्ट्रांड यांनी हे गणित उलटवले. प्रकाशाची तीव्रता लयीने कमीजास्त करावयाची आणि परतलेली लय मूळ लयीच्या किती मागे पडली ते पाहावयाचे, ही त्यांची रीत. ज्ञात रेषेवर तिने वेग निश्चित केला. मग त्याच यंत्राने अज्ञात अंतरे मोजता येऊ लागली.

साधा प्रकाश मात्र दूर जाताना पसरतो. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकटवला, आणि अरुंद, प्रखर झोत हाती आला. अंतरमापकातून झोताचा एक क्षणिक स्पंद सुटतो, तेव्हा घड्याळ सुरू होते. लक्ष्यावर आपटून तो परतला की थांबते. या काळास वेगाने गुणून निम्मे केले की अंतर मिळते. सेकंदाचा दशलक्षांश म्हणजे दीडशे मीटर. घड्याळ सेकंदाच्या अब्जांशाने चुकले, तरी अंतर पंधरा सेंटिमीटरांनी चुकते. हवेच्या उष्णतेने व दाबाने प्रकाशाच्या वेगात सूक्ष्म फरक पडतो. म्हणून काटेकोर मोजणी करणाऱ्याची लॅम्टनच्या उष्णतामापकापासून आजही सुटका नाही.

१९६९ साली अपोलो-११ च्या यात्रिकांनी चंद्रावर शंभर लोलकांचा परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून पाठविलेला झोत तेथून अडीच सेकंदांत परततो. अशा मोजण्यांवरूनच चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरांनी दूर जात असल्याचे प्रत्यक्ष सिद्ध झाले.

अखेर १९८३ साली मापाचीच व्याख्या बदलली: निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितका जातो, तितका मीटर. फिझोने मीटर हाती धरून प्रकाशाला मोजले होते. आता मीटर किती लांब, हे प्रकाशच ठरवितो.