संधिवात आणि नोकरी: सकाळचे आखडलेले सांधे आणि लेट मार्क

सकाळी सहाला जाग येते, पण हाताची मूठ नीट वळायला साडेसात वाजतात. शर्टाची बटणे, डब्याचे झाकण, गाडीची किल्ली, सगळ्यालाच वेळ लागतो. धावतपळत कामावर पोहोचावे तर लेट मार्क. दुपारपर्यंत तुम्ही बरेच मोकळे झालेले असता आणि नेमके तेव्हाच साहेब तुम्हाला पाहतात! मग ‘सकाळी तर हात चालत नव्हता ना?’ हे ऐकावे लागते.

तुम्ही नाटक करत नाही. आमवात म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, सोरायसिससोबत येणारा संधिवात या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्यांना आतून सूज असते आणि विश्रांतीनंतर ते जास्त आखडतात. आमवातात हा आखडलेपणा तासभर, कधी त्याहूनही जास्त टिकतो. वयोमानाने होणाऱ्या झिजेत तो साधारण अर्ध्या तासात जातो. लोकांच्या डोळ्यांसमोर आजीचे झिजलेले गुडघे असतात, त्यामुळे पस्तिशीतल्या माणसाचा संधिवात कुणाला पटत नाही. त्यात थकवा तर दिसतही नाही. तो आळस नसून आजाराचाच भाग आहे.

त्रास कामाप्रमाणे बदलतो. शिक्षिकेला फळ्यावर लिहिणे जड जाते, शिवणकाम करणाऱ्याला कात्री, नर्सला रुग्ण उचलणे, तर टायपिंग करणाऱ्याला बोटे आणि मनगट. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये उलटेच असते: बसून राहिल्याने कंबर धरते, हालचालीने मोकळी होते. अशा रुग्णाला ‘आराम करा’ सांगणे चुकीचे. दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे उठून चाला.

औषधांच्या वेळाही कामाशी जुळवता येतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते (रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते). काहींना ते घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळ, मरगळ वाटते. रविवारी सुट्टी असेल तर शनिवारी रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वार स्वतःहून बदलू नका.

कामावर सांगावे का? माझे मत, सांगावे, पण मोघम नको. ‘मला संधिवात आहे’ एवढ्याने वरिष्ठांना काय करायचे ते कळत नाही. ‘सकाळी तासभर हात आखडतात, दहाऐवजी अकराला येऊन एक तास उशिरापर्यंत थांबेन’ असे मागणे सोपे आणि मान्य होण्याजोगे असते. डॉक्टरांकडून दाखला घेताना त्यातही नुसते आजाराचे नाव नको. कोणते काम जमत नाही आणि कोणते जमते, दोन्ही लिहून घ्या. दुसरा भाग बहुतेक जण विसरतात आणि साहेबांना वाटते हा माणूस कामाचाच राहिला नाही.

आजार नुकताच कळला असेल तर घाईने राजीनामा देऊ नका. आजार आटोक्यात आणणाऱ्या औषधांचा गुण यायला बहुधा 6 ते 12 आठवडे लागतात. आज न जमणारे काम तीन महिन्यांनी जमू शकते. तोपर्यंत रजा, हलके काम किंवा बदललेली वेळ मागा. ईएसआय लागू असेल आणि वर्गणीची अट पूर्ण होत असेल, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के लाभ मिळतो.

सांध्यांत कायमचे व्यंग आले असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 पाहावा. नुसत्या निदानावर दिव्यांगत्वाचा दाखला मिळत नाही, हालचालीवरील परिणाम मोजला जातो. आरक्षणासारख्या लाभांसाठी तो किमान 40 टक्के असावा लागतो. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आले, तर त्या कारणाने नोकरीवरून काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम देण्याची तरतूद याच कायद्यात आहे, आणि अर्ज करताना वरचा सविस्तर दाखला इथेही जोडावा.