सैनिकाचं खरं मानणारी बाई

सप्टेंबर १९६९. अमेरिकेत बोस्टन शहरातलं माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय. सारा हेली या समाजकार्यकर्तीचा नोकरीतला पहिलाच दिवस. व्हिएतनामहून परतलेला एक तरुण भेदरलेल्या अवस्थेत आला होता. तो सांगत होता, ‘माय लाय नावाच्या गावात आमच्या तुकडीनं बायकामुलं मारली. मी गोळी झाडली नाही. आता बोललो तर सोबती मला जिवंत सोडणार नाहीत.’

डॉक्टरांच्या बैठकीत निदान झालं: संशयभ्रम, स्किझोफ्रेनिया. हेलीबाईंनी विचारलं, पण तो सांगतोय ते खरं असेल तर? वडिलांकडून त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या गोष्टी ऐकलेल्या होत्या. बैठकीत त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. दोनच महिन्यांनी सीमोर हर्श या पत्रकारानं माय लाय जगापुढं आणलं. १६ मार्च १९६८ ला तिथं, व्हिएतनामच्या मोजणीप्रमाणे, ५०४ माणसं मारली गेली होती.

मी कवी माणूस. वाहवा करणारा आणि ऐकणारा यांतला फरक मुशायऱ्यात बसून मला चांगला कळतो. इथं तर वाहवाही नव्हती, थेट रोगाचं नावच चिकटवलं गेलं! आणि तेही चुकीचं. कारण युद्धाच्या धक्क्यासाठी १९५२ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत जे नाव होतं, ते १९६८ च्या आवृत्तीतून गाळलेलं होतं. शिवाय ज्या सरकारनं लढायला धाडलं, रुग्णालयही त्याचंच. तिथं मन उघडणार कोण?

मग सैनिकांनीच वाट काढली. १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिकांच्या कचेरीत ‘रॅप ग्रुप’ सुरू झाले. रॅप म्हणजे मोकळ्या गप्पा. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शाटान हे मानसोपचारतज्ज्ञ तिथं गेले ते सैनिकांच्या बोलावण्यावरून. फी नाही. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की सैनिक तज्ज्ञांनाही उलट विचारायचे: तुम्ही इथं का आलात? लिफ्टन हिरोशिमातून वाचलेल्यांचा अभ्यास केलेला माणूस, पण तिथं त्यांनाही उत्तर द्यावं लागे.

हेलीबाईंनी १९७४ मध्ये एक लेख लिहिला. रुग्ण अत्याचार सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यानं काय करावं, हा विषय. त्या परिस्थितीत आपल्या हातूनही खून होऊ शकला असता, हे आधी स्वतःशी कबूल करावं, असं त्यांचं म्हणणं. आज वाचतानाही अंगावर काटा येतो.

१९७९ मध्ये कायदा झाला आणि ‘व्हेट सेंटर’ निघाली. तेव्हा माजी सैनिकांच्या खात्याचे प्रमुख होते मॅक्स क्लेलंड, व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेले. केंद्रं मुद्दाम रुग्णालयापासून दूर, वस्तीतल्या साध्या जागांत उघडली. समुपदेशकांत बरेचसे स्वतः लढून आलेले. १९८० च्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर तणावाचा विकार नावानिशी नोंदला गेला, त्यामागे हेली, शाटान, लिफ्टन यांचा रेटा होता. अशी सुमारे ३०० केंद्रं आज चालू आहेत. तिथं बोललेलं तिथल्याच फायलीत राहतं. संमतीवाचून रुग्णालयाकडे जात नाही.